दातांची गाडी आणि तिखटावरचा आळ

रेखाकडे दातांची गाडी आली आहे हे तिनं फोनवर सांगितलं, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. आत खाली-वर होणारी खुर्ची, छतातून वाकून तोंडावर येणारा दिवा, गुळण्या टाकायला पांढरंशुभ्र भांडं. ती गावात जाऊन उभी राहते आणि लोक आपणहून रांग लावतात, असं रेखा म्हणाली. त्यातला ‘आपणहून’ हा शब्द मला विशेष लागला.

मी कणकवलीला शाळेत शिकवते. शाळा सुटल्यावर आम्ही चार बायका गुटख्याविरुद्ध काम करतो. आमची मालमत्ता सांगायची तर दोन कापडी फलक, त्यातल्या एकाचा रंग पावसात फुटलेला. मागून आणलेला एक कर्णा, जो बोलण्यापेक्षा शिट्ट्याच जास्त मारतो. आणि तीन बोटं. बोटांचं असं, की हाताची तीन बोटं जुळवून उभी तोंडात घालायची. निरोगी माणसाची सहज जातात. गुटखा खाणाऱ्याच्या गालाची आतली कातडी हळूहळू ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं. मग दोनच बोटं जातात, पुढे एकच. ही युक्ती मला एका दातांच्या डॉक्टरांनी शिकवली. आम्ही ती शाळाशाळांतून करून दाखवतो. मुलं खिदळतात, आणि घरी जाऊन बापाच्या तोंडात बोटं घालतात. बस, एवढंच आमचं आरोग्यकार्य.

रेखा आणि मी पुण्याला वसतिगृहात एका खोलीत होतो. तेव्हाही तिचे केस लांब, अक्षर वळणदार आणि कॉट खिडकीजवळची. लग्न होऊन ती कोल्हापूरला गेली आणि तिथं तिनं आरोग्य प्रबोधनाचं केंद्र काढलं. गाडी एका ट्रस्टनं दिली होती. तशीच दुसरी गाडी यंदा कोणत्या तरी तालुक्याला मिळणार होती.

“रविवारी ट्रस्टचे साहेब येणार आहेत. तू ये. गाठ घालून देते. स्टेजवर दोन चांगले शब्द बोल, गाडी तुझीच,” रेखा म्हणाली.

ट्रस्ट कुणाचा, हे तिनं फोन ठेवता ठेवता सांगितलं. पुडीवाल्यांचा. म्हणजे गुटखा काढणाऱ्या कंपनीचाच.

“अगं रेखा!”

“सुनंदे, पैसा येतो कुठून हे बघू नकोस, जातो कुठं ते बघ.”

मी हिशेबी बाई आहे. ज्यांनी घाण केली त्यांच्याच खर्चानं ती निघत असेल तर वाईट काय, असा मनाशी निवाडा केला आणि पिशवी भरली. नवरा ओटीवरून एवढंच म्हणाला, “येताना गूळ हाड,” म्हणजे आण.

करूळचा घाट

घाट चढताना दरी डाव्या हाताला आहे की उजव्या, हे ज्याला मळमळतं त्याला विचारू नये. गगनबावड्याला गाडी थांबली तेव्हा कुठं मी डोळे उघडले. धुकं, थंडी, काचेच्या पेल्यातला चहा, आणि प्रत्येक टपरीला पुड्यांच्या माळा. वारा आला की चमचम करत सळसळायच्या. आमच्याकडेही असतात, पण इतक्या दाट नाहीत.

शेजारच्या सीटवर फेटा बांधलेले एक गृहस्थ होते. “कुठनं आलाय पावणं?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. “मग मिसळ खाल्ल्याबगर जाऊ नगा. टाळूला घाम फुटला पायजे. न्हाय फुटला तर कोल्हापूरला आलोच न्हाय म्हणून सांगा.” असं म्हणून त्यांनी दातानं पुडी फोडली आणि डोकं मागं टाकून तोंडात रिकामी केली.

घाटावर आलं की माझा स्वभाव बिघडतो हे कबूल करायला हवं. सपाट जमीन, काळी माती, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच ऊस, सरळ रस्ते. आमच्याकडे एवढंसं भाताचं खाचर करायचं तर डोंगराशी भांडावं लागतं.

राजारामपुरी

रेखाचं घर राजारामपुरीच्या एका गल्लीत. खाली नवऱ्याचं पंप आणि पाइपांचं दुकान, वर तीन प्रशस्त खोल्या आणि गच्ची. गल्ल्या इतक्या नेटक्या आखलेल्या की पत्ता विचारावा लागत नाही. रेखाचे केस अजून लांब होते.

तिचे यजमान बसवराज. उंच, हसरे, दुकानात गिऱ्हाइकाशी मराठीत आणि घरात आईशी कानडीत बोलणारे. आई म्हणजे अव्वा. सत्तरी ओलांडलेल्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की खाली दुकानातला माणूस वर बघतो.

पानात ज्वारीची भाकरी, झुणका, दही, आणि हिरव्या मिरच्यांचा खर्डा. मी खर्ड्याचं बोट चाटलं आणि दह्याकडे धावले.

“काय ओ पावणं, एवढ्यात?” अव्वा म्हणाल्या. “आमच्यात बाळाला दात आला की पहिला खर्डा चाटवत्यात.”

“अव्वा थापा मारतात,” रेखा म्हणाली.

बसवराजांच्या ताटात मात्र दूध आणि भाकरी. भाकरी कुस्करून कुस्करून अगदी मऊ केलेली. ते ती बोटभर घासांनी खात होते.

“ह्यांनी तिखट सोडलंय,” रेखा म्हणाली. “तोंडात आग व्हायची. मी सांगितलं बंद करा. त्या दिवसापासून मिरचीला हात लावला नाही.”

“बायको आरोग्यवाली म्हटल्यावर ऐकाय पायजे की वो, ताई,” बसवराज हसले.

“कोल्हापुरात ऱ्हाऊन दूधभाकरी!” अव्वांनी कपाळाला हात लावला. “यप्पा! शेजारी इचारत्यात, लेक आजारी हाय काय म्हणून.”

मला काय झालं ते सांगते. गाडीचा हेवा मी समजू शकत होते. घराचा, केसांचा, सपाट जमिनीचा जुनाच होता. हा नवीन होता. कोल्हापुरी माणूस बायकोच्या एका शब्दासाठी मिरची सोडतो! माझ्या नवऱ्याला मी सांगतेय, चहात दोन चमचे साखर घालू नका. तो तिसरा घालून ढवळताना माझ्याकडे बघतो.

कटाशिवायची मिसळ

दुसऱ्या दिवशी सकाळी बसवराज मला मिसळ खायला घेऊन गेले. बाकडी भरलेली, जो तो नाक ओढतोय आणि कट मागतोय. कट म्हणजे मिसळीवरचा लाल झणझणीत रस्सा. तो मागाल तेवढा वाढतात.

“एक मिसळ पावण्यांना. एक बिनकटाची,” बसवराज म्हणाले.

वाढपी थबकला. “बिनकटाची? शेठ, मग ती मिसळ न्हाय, फरसाण हाय.”

बाकड्यावर हशा पिकला. “दवाखान्यातनं सुटलाय काय वो?” कुणी तरी विचारलं. बसवराजांनी हसून हात वर केला. त्यांनी पावाच्या कडा काढल्या, मधला मऊ भाग चिमटीएवढा तोडला आणि ओठांमधून आत सरकवला. मला घाम फुटला होता, डोळे वाहत होते, तरी ते मला दिसलं. सोशिक माणूस, असं मी मनात म्हटलं आणि पुन्हा जळले.

बाहेर आल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून पुडी काढली. कात्रीनं आधीच कापून ठेवलेली. दातानं फोडली नाही.

“हे नाही सोडवलं रेखानं?” मी विचारलं.

“हे सुटंल की हळूहळू. आधी तिखट सुटलं न्हव? त्याचाच तरास व्हता. डॉक्टरबी त्येच म्हणाले, गाडीतले.”

तेव्हाच माझ्या डोक्यात काही तरी हललं. पण दुपारी साहेब यायचे होते, आणि कोणती साडी नेसायची याचा विचार वरचढ ठरला.

कसबा बावडा

मेळावा कसबा बावड्यात, शाळेच्या मैदानावर. साखर कारखान्याचा गळीत हंगाम चालू असल्यानं सगळ्या हवेला मळीचा आंबट-गोड वास. मांडव एवढा मोठा की आमच्या कणकवलीचा अर्धा बाजार मावावा. खुर्च्यांना पांढरे अभ्रे. कर्णा एकदाही शिट्टी मारत नव्हता. आणि मैदानाच्या कडेला ती गाडी: पांढरी, घासूनपुसून चकचकीत, पुढं बायकांची लांबच लांब रांग. आपणहून.

मी आधी प्रदर्शन बघितलं. माझी पद्धत अशी की पहिल्या फलकापासून शेवटच्यापर्यंत, एकही न गाळता. एका फलकावर लाल मिरचीला डोळे आणि सुळे काढले होते. ती एका माणसाच्या मागं धावत होती. दुसऱ्यावर वाफाळता चहा. तिसऱ्यावर झिजलेला ब्रश. पुढं चुकीच्या काड्यांनी दात कोरणं, बर्फाचा गोळा, रात्री चूळ न भरणं. शेवटच्या फलकावर ‘अतिरेक टाळा’. कशाचा, ते लिहिलं नव्हतं. पुडी कुठंच नव्हती. मी उलट क्रमानं पुन्हा बघत आले. तरी नव्हती. चित्रं मात्र इतकी सुरेख, की आमचा रंग फुटलेला फलक आठवून मला रडू आलं.

मग शाळा-महाविद्यालयांची वादविवाद स्पर्धा. विषय पडद्यावर: ‘तोंडाच्या विकारांना जबाबदार कोण? तिखट आहार की दातांची हेळसांड?’

इतकी वर्षं मी मुलांना वादविवादाचे विषय देत आले. विषय ठरवणाऱ्यानंच निम्मी स्पर्धा जिंकलेली असते हे मला ठाऊक आहे. इथं दोन बाजू होत्या, आणि पुडी दोन्हींत नव्हती. पोरं भांडत होती मिरची आणि ब्रश यांवरून.

आणि लोक खूश होते! हेच मला नवल वाटलं. तिखटावर आळ आला म्हणून कोल्हापूरकर चिडतील असं मला वाटलं होतं. उलट एक मुलगी म्हणाली, “आमच्या खर्ड्यासमोर डॉक्टरांची विद्या हात टेकते,” आणि मांडवात शिट्ट्या पडल्या. माझ्या मागचा एक जण शेजाऱ्याला म्हणाला, “आपलं तिखट हायच तसलं. तोंड शिवून टाकतंय.” दुसरा म्हणाला, “माझं बी मिटत आलंय बघ,” आणि कुस्तीत खांदा निखळल्याचं सांगावं तशा अभिमानानं त्यानं तोंड उघडून दाखवलं. आजार मिरचीचा म्हटला की त्याला मर्दानी शान येत होती. पुडीचा म्हटला असता तर कुणी दाखवला असता?

बक्षिसांच्या आधी रेखानं मला साहेबांकडे नेलं. ते गाडीतच बसले होते. पांढरा सदरा, मऊ आवाज, प्रत्येक वाक्याआधी ‘मॅडम’.

“बसा ना मॅडम खुर्चीत. बघा तरी.”

मी बसले. पायाशी एक दांडी होती. ती दाबली की खुर्ची अलगद वर जायची. मी तीनदा वर-खाली झाले. दिवा डोळ्यांवर आला. वयाच्या मानानं शोभलं नाही, पण मला ती गाडी त्या क्षणी माझ्या अंगणात दिसत होती.

“तुमच्या भागात लोक खातात काय, मॅडम?”

असा प्रश्न मला विचारायचा म्हणजे नळ सोडायचा. मी बोटं मोजत सुरू केलं: माशाचं कालवण, त्यात तिरफळं, पावसाळ्यात सुके बांगडे, सुकी कोळंबी, खारवलेल्या मिरच्या, आमसुलं, कुळथाची पिठी. साहेब मान डोलवत होते.

“सुकी मासळी,” ते म्हणाले. “खारट असते. उत्तम. तुमच्याकडे मिरची नको. तुमच्याकडे विषय सुक्या मासळीचा ठेवू. लोकांना तो आपला वाटला पाहिजे.”

खुर्ची तेव्हा वर होती. मी ती खाली आणली.

“आणि गुटखा?”

“त्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, मॅडम. अजून खूप चर्चा व्हायला हवी.” ते मनापासून हसले. “आणि चर्चा तर आम्हीच घडवतोय ना?”

बाहेर माझ्या नावाचा पुकारा झाला.

स्टेजवर मी गुटख्याचं नाव घेतलं नाही. गाडी अजून मला हवी होती. मांडवाची स्तुती केली, मुलांची केली, रेखाची केली. ती करताना दात आवळले गेले असतील तर इलाज नव्हता. मग बोलायचं संपलं, आणि शाळाशाळांतून जे करते ते सवयीनं करून बसले. “आता सगळ्यांनी एक गंमत करा,” मी म्हटलं आणि तीन बोटं वर धरली.

मांडव हसला आणि कामाला लागला. बायकांची गेली, मुलांची गेली. “चार जात्यात की!” कुणी ओरडलं. मग पुरुषांच्या बाजूनं आवाज यायला लागले. “दोनच जायलीत.” “आमचं बी दोनच.” “तिखटानं हाय ते!” पुन्हा हशा.

पुढच्या रांगेत अव्वा उठून उभ्या राहिल्या. त्यांनी सुरकुतलेली तीन बोटं तोंडात घातली, काढली, मग चौथंही जोडून घातलं. मग शेजारी बसलेल्या लेकाकडे वळल्या.

“घाल की.”

बसवराजांनी मान हलवली.

“घाल म्हणते न्हवं!”

त्यांनी दोन बोटं ओठांना लावली. दुसरं आत गेलं नाही.

अव्वांना कर्णा लागत नाही हे मी वर लिहिलंच आहे. “मी जलमभर खर्डा खाल्ला,” त्या मांडवाकडे वळून म्हणाल्या, “माझी चार जात्यात. ह्येनं वरीस झालं मिरचीला शिवलं न्हाय, आन ह्येचं तोंड मिटत चाललंय. मग तिखटानं कुणाचं तोंड शिवलं, सांगा की कुणी तरी!”

मागच्या रांगांत काही हात सावकाश खिशांकडे गेले आणि तिथंच थांबले.

तेव्हा मात्र मी कर्णा पुन्हा ओढला. तिखटानं आग होते ती आधीच बिघडलेल्या तोंडाची, आणि ते बिघडवते पुडी, एवढंच सांगितलं. आग होते तेव्हा तोंडात मिरची असते, म्हणून आळ तिच्यावर येतो.

साहेब उठले, मंद हसले, माझ्या हातातून कर्णा अलगद घेतला. “ही पण एक बाजू आहे,” ते म्हणाले. “अशीच चर्चा व्हायला हवी.” आणि टाळ्या वाजवल्या. लोकांनीही वाजवल्या. मग फिरती ढाल त्या खर्ड्यावाल्या मुलीला मिळाली.

गाडी गेली हे मला त्या टाळ्यांमध्येच कळलं.

मांडवामागं रेखानं मला गाठलं. “आल्यापासून जळत होतीस. आता थंड झालीस?”

“जळतेच आहे अजून.”

“पाचशे बायकांनी माझ्याकडे पहिल्यांदा दात दाखवले, सुनंदे. तुझ्या तीन बोटांनी एकीचा तरी किडका दात काढलाय?”

मी एवढंच विचारलं, “भाऊजींना त्या खुर्चीत बसवलं होतंस?”

“बसवलं होतं. गाडीतल्या डॉक्टरांनी तिखट बंद करायला सांगितलं.” ती गाडीकडे बघत राहिली. “मला माहीत होतं असं समजू नकोस. आणि माहीत नव्हतं असंही नाही.”

परत

सकाळी स्टँडवर सोडायला बसवराज आले. रेखा आली नाही. त्यांनी माझ्या पिशवीत गुळाची ढेप ठेवली.

“अव्वानं माझ्या पुड्यांची माळ बंबात टाकली, ताई. पाणी तापवायला.”

“मग?”

“मग काय. लई वास आला.” ते हसले, तेवढंच तोंड उघडलं. “सोडली असं न्हाय म्हणत. पण पुढच्या खेपेला या. कटासकट खायाची हाय मला.”

घाट उतरताना मी डोळे मिटले नाहीत. मळमळलं, पण बघत होते: माळा, माळा, माळा.

दुसरी गाडी आमच्या शेजारच्या तालुक्याला मिळाली. उद्घाटनाला मी गेले होते, मागं उभी राहिले. पडद्यावर विषय होता: ‘तोंडाचे विकार: दोष सुक्या मासळीचा का?’ समोरच्या बाया एकमेकींना म्हणत होत्या, आपली मासळी असतेच तशी जहाल. ज्यांना गाडी मिळाली त्या तिथल्या बाईंनी दांडी पायानं दाबून खुर्ची वर केली. मला अजूनही ती खुर्ची हवी आहे.

गेल्या आठवड्यात रेखाचा फोन आला, इतक्या दिवसांनी. केंद्राची गाडी तिनं परत पाठवली होती. पाठवून रडलीही होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बसवराजांना सांगितलं, मिटलं ते सगळं परत उघडेल याची खात्री नाही, पण पुडी सुटली तर तिथंच थांबवता येईल. पुडी सुटली आहे. रोज दहादा खिसा चाचपतात.

“आता माझ्याकडे काही नाही,” रेखा म्हणाली. “दोन फलक, तेही हातानं रंगवलेले. आणि अव्वा.”

“अव्वा?”

“गल्लोगल्ली फिरतात माझ्याबरोबर. आधी खर्डा खाऊन दाखवतात, मग चार बोटं घालतात. काल हातकणंगल्याला बाजारात एवढी गर्दी झाली की रस्ता अडला. लोक आपणहून येतात गं.”

मी फोन घट्ट धरला. गाडी गेली, आणि हिला सासू मिळाली. माझ्या सासूबाई देवाघरी गेल्याला बरीच वर्षं झाली, आणि होत्या तेव्हाही त्या मिरचीचं नाव काढलं की ठसकत.

“आठ दिवस पाठव ना त्यांना इकडे,” मी म्हटलं.

तिनं फोन बाजूला धरून कानडीत काही विचारलं. अव्वांचं उत्तर, मुद्दाम मराठीत, मला कर्ण्याशिवाय इथवर ऐकू आलं.

“येते म्हणून सांग की. पण खर्डा माझा मी घिऊन येणार. तिकडं दही खात्यात!”